थाळीचं हॉटेल जोरात चालतंय, पण महिनाअखेर हातात काहीच नाही. फूड कॉस्ट ५१ टक्के येतेय, कुठे गळतंय?

रस्सा_अनलिमिटेड
नमस्कार मंडळी. पुण्यात सिंहगड रोडला कोल्हापुरी थाळीचं छोटं हॉटेल आहे, ४० जण बसतील एवढं. मटण थाळी ३६०, चिकन थाळी २७०, अंडा आणि व्हेज पण आहे पण ती नावालाच. बुधवार शुक्रवार रविवार बाहेर लाइन असते, सोमवार गुरुवार शनिवार माश्या मारतो, सरासरी काढली तर मटण थाळी रोज ४० जाते. एप्रिलचा हिशोब केला, विक्री ९ लाख ३५ हजार आणि खरेदी ४ लाख ८० हजार, म्हणजे ५१ टक्के नुसता माल! सगळीकडे ऐकतो की ३०-३५ च्या वर गेलं की हॉटेल बुडतं. भाडं ८५ हजार, पगार २ लाख, लाइट २८, बँकेचा हप्ता ४२. ऑनलाइनची ऑर्डर साधारण २ लाखाची होते, त्यात ते कमिशन आणि त्यावरचा जीएसटी धरून ५० हजार कापतात. मटण ७८० ने पडतं. मालात काही कमी करायचं नाहीये मला, चव गेली तर गिऱ्हाईक गेलं. पण मग कमी कुठे करायचं? आचारी चांगला आहे पण हात सढळ आहे असं बायकोचं म्हणणं. गल्ल्यावर ती बसते त्यामुळे तिकडून काही गळत नाही हे नक्की.

गावरान_तडका
आचारी बदला. ९० टक्के केसमध्ये तिथेच असतं सगळं.

हिशोबनीस
आचारी बदलायच्या आधी आकडे सरळ करून घेऊ, कारण तुमचे ५१ टक्के ही फूड कॉस्टच नाहीये. सांगा बघू, त्या ४ लाख ८० मध्ये गॅस, पार्सलचे डबे, फिनेल-साबण हे सगळं धरलंय का? आणि एप्रिल म्हणताय म्हणजे वर्षाची मिरची भरली असणार, बरोबर? मसाला वर्षभर वापरायचा आणि खर्च एकट्या एप्रिलच्या डोक्यावर टाकायचा, मग आकडा फुगणारच की. महिन्याच्या १ तारखेला सकाळी किती माल होता आणि ३० तारखेला रात्री किती उरला ते आहे का लिहिलेलं? अंदाजे असलं तरी चालेल. स्टाफ किती, जेवण तुमच्याकडेच का? आणि ९.३५ मध्ये जीएसटी धरूनच सांगितलंय ना?

रस्सा_अनलिमिटेड
हो, सगळंच धरलंय, खिशातून गेलं ते लिहिलं. गॅस ३८ हजार (१९ किलोचे २०-२१ सिलिंडर लागतात), डबे-पिशव्या २२, साफसफाईचं ६. मिरची भरलीय, ब्याडगी आणि संकेश्वरी दोन्ही, शिवाय सुकं खोबरं पण जास्त घेऊन ठेवलं कारण २०२५ ला खोबऱ्याने जे रडवलं ते अजून डोक्यात आहे. १ तारखेला माल अंदाजे ६० हजाराचा होता, महिनाअखेर ९५ चा. स्टाफ ११ जण, दोन्ही वेळ इथेच जेवतात. हॉटेलवरची विक्री जीएसटीसकट ७ लाख ३५, ऑनलाइन २ लाख जीएसटीशिवाय.

हिशोबनीस
छान, आता बघा. ७,३५,००० मधला ५ टक्के जीएसटी तुमचा नाहीच, ते ३५ हजार सरकारचे, पुढच्या महिन्यात भरायचे. ऑनलाइनवरचा जीएसटी जानेवारी २०२२ पासून अ‍ॅपवालेच भरतात त्यामुळे तिथे २ लाख ते २ लाख. म्हणजे खरी विक्री ९ लाख.

माल: खरेदी ४,८०,००० वजा गॅस-डबे-साफसफाई ६६ हजार, राहिले ४,१४,०००. त्यात सुरुवातीचा माल ६० मिळवा, शेवटचा ९५ वजा करा, वापरलेला माल ३,७९,०००. यातून स्टाफचं जेवण बाजूला काढा, माणशी दिवसाला ७० रुपये जरी धरले तरी २३ हजार होतात, तो पगाराचा भाग आहे, गिऱ्हाइकाच्या ताटातला नाही. उरले ३,५६,०००. भागिले ९ लाख, म्हणजे ३९.६ टक्के. ५१ वरून ४० च्या खाली आलो आणि अजून किचनमध्ये पाऊलही टाकलं नाही.

एक लक्षात ठेवा, ५ टक्केवाल्या हॉटेलला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही (नोव्हेंबर २०१७ पासून हेच आहे). त्यामुळे डब्यांवर, गॅसवर, तेलावर जो जीएसटी देता तो तुमच्यासाठी खर्चच आहे, बिलाच्या वरची मूळ किंमत नका लिहू, शेवटची लिहा. बरेच जण कर सोडून लिहितात आणि मग कॉस्ट कमी दिसते म्हणून खूश होतात.

आता "हातात काही नाही" चं. ९ लाखातून वापरलेला माल ३,७९ (स्टाफच्या जेवणासकट), गॅस वगैरे ६६, भाडं ८५, पगार २ लाख, लाइट २८, कमिशन ५०. उरले ९२ हजार. त्यातून हप्ता ४२ गेला, राहिले ५०. ३५ हजार तुमच्या मिरची-खोबऱ्यात अडकलेत. राहिले १५. यातून घरखर्चाला काढत असाल तर महिनाअखेर गल्ला रिकामाच दिसणार, आणि त्यातच जीएसटीचे ३५ हजार आपले समजून वापरले गेले तर पुढच्या महिन्यात उसने मागायची वेळ. तो जीएसटी रोजच्या रोज दुसऱ्या खात्यात टाका, रात्री गल्ला मोजला की लगेच.

गावरान_तडका
म्हणजे आचाऱ्याचा काही दोष नाही? ४० टक्के पण जास्तच आहे ना.

वस्ताद_जुना
आचारी बदला म्हणणाऱ्या भावाला एवढंच विचारतो, नवीन येईल त्याला वजनाचा अंदाज काय देव देणार हाय? मी कोल्हापुरात आणि नंतर पुण्यात बरीच वर्षं भट्टीवर काढलीत. मालकाने कधी सांगितलंच नाही प्लेटला किती, की आचारी आपल्या मनानं घालतो आणि चांगला आचारी जास्तच घालतो, कारण शिव्या त्यालाच बसतात.

आधी मटण थाळीचा कागद करा. कच्चं मटण १२० ग्रॅम धरा, ७८० नं ९४ रुपये होतात. दोन्ही रस्से २६, भाकरी-भात २२, दही कांदा लिंबू वगैरे ८. झाले १५०. ३६० वर हे ४२ टक्के येतंय, म्हणून घाबरू नका, थाळीमागं २१० रुपये राहतात. चिकन थाळीचा माल ८० रुपयाच्या आसपास, टक्का ३० आला पण राहिले १९०. टक्का चांगला म्हणून चिकन खपवायच्या मागं लागलात तर थाळीमागं २० रुपये कमीच मिळतात.

आता वजनाचं. किलोभर मटण शिजलं की हाडासकट ६५०-७०० ग्रॅम भरतं, बाकीचं पाण्यात जातं (ते पाणी म्हणजेच तुमची अळणी, वाया नाही). म्हणजे १२० चं शिजून ८० ग्रॅम. आचाऱ्यानं १२० च्या जागी १५० च्या हिशोबानं घातलं तर डोळ्याला एक तुकडा जास्त, दिसत पण नाही, पण प्लेटला २३ रुपये जातात. रोज ४० प्लेट म्हणजे ९३६, महिन्याला २८ हजार. तुमचा बँकेचा हप्ता बराचसा ह्यातच हाय बघा.

करायचं काय तर सर्व्हिस चालू व्हायच्या आधी शिजलेले तुकडे वाट्यांत मोजून लावायचे. एका वाटीत एक नळी नाहीतर चाप, बाकी पुठ्ठ्याचे नाहीतर सीन्याचे, वाटी काट्यावर ८० ला आली पाहिजे. दहा-दहा वाट्यांचे ट्रे करून ठेवा. ऑर्डर आली की वाटी कढईत, वर सुक्क्याचा मसाला. गर्दीत हात टोपात गेला की मग वजन-बिजन काही राहत नाही. आणि संध्याकाळी रिकामे ट्रे मोजले की किती गेल्या ते केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) न बघता कळतं.

रस्सा_अनलिमिटेड
हिशोबनीस साहेब, तुमचा मेसेज बायकोला वाचून दाखवला, तिने लगेच जीएसटीचं वेगळं खातं उघडायला सांगितलं 😄

वस्ताद, तुम्ही म्हणता ते पटतंय पण खरं सांगू, काटा किचनमध्ये नेला की आमचा आचारी फुगणार. "माझ्यावर विश्वास नाही का शेठ" हे वाक्य तयारच असतं त्याचं. म्हणून मी आधी फक्त रविवारचं गपचूप बघितलं. आदल्या रात्रीचं कच्चं २ किलो होतं, सकाळी १४ आलं, रात्री साडेतीन उरलं. वापरलं साडेबारा. केओटीवर ८४ प्लेट. १२० ग्रॅमने १० किलो ८० ग्रॅम लागायला हवं होतं. २ किलो ४२० ग्रॅमचा फरक, १९०० रुपये एका दिवसात! प्लेटला बरोबर १५० ग्रॅमच्या आसपास पडतंय, वस्तादांनी बसल्या जागी सांगितलं तेच.

वैशाली_ताई_मेस
फरक सगळा आचाऱ्याचा धरू नका एवढंच सांगेन. माझी नाशिकला मेस आणि वर छोटं हॉटेल आहे. आमच्याकडे पण मटणाचा असाच फरक यायचा, शोधलं तर तीन वाटांनी जात होतं. कप्तान (ऑर्डर घेणारा मुख्य वेटर) ओळखीच्या टेबलला "अजून दोन पीस टाक रे" म्हणून आत सांगायचा, केओटी नाही काही नाही, टिप त्याची आणि मटण आमचं. दुसरं, मटणवाला वजन त्याच्या काट्यावर करून द्यायचा, मटण ओलं, पिशवीत पाणी. माल आला की चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेवून आपल्या काट्यावर करा, तेच वजन वहीत आणि तेवढेच पैसे. एकदा सांगितलं की तो पण सुधारतो. तिसरं आमचे हे स्वतः, मित्र आले की "घरचेच आहेत". आता हे आले तरी केओटी फाटते, रक्कम शून्य लिहितो पण प्लेट मोजली जाते. त्याशिवाय मेळ बसणारच नाही.

काट्याचं आचाऱ्याला सांगायचं असेल तर चोरी पकडायला आणलाय असं वाटू देऊ नका. पुरवठादारासाठी आणलाय सांगा, माल घेताना त्यालाच वजन करायला लावा, सही त्याची. आठवड्यात तोच काट्याचा मालक होतो. मी तर जो फरक कमी होईल त्यातले थोडे पैसे किचनला वाटते दर महिन्याला, प्लेटला ठरलेलं वजन पोचलंय ना हे मात्र मधेच एखादी वाटी उचलून बघते, नाहीतर उलटं होऊन प्लेटमध्ये १०० ग्रॅमच जायला लागतं.

आणि माझं मत विचाराल तर १२० वर आणण्यापेक्षा १३० ठेवा आणि थाळी ३८० करा. आत्ता १५० खाणाऱ्याला एकदम १२० दिलं तर त्याला कळतं हो.

वस्ताद_जुना
ताई १३० चं पटलं. पण भाव आणि वजन एकाच महिन्यात नका हलवू, आधी वजन बसवा.

खमंग_कट
तेलाचं कोणीच बोललं नाही! आमच्याकडे फ्रायचं तेल गाळून गाळून वापरतो आणि शेवटी फोडणीला घालतो, महिन्याला ४-५ हजार वाचतात आरामात.

हिशोबनीस
असलं बचतीचं नको सांगू रे कोणाला. तळणाच्या तेलात पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवलं की तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचंच नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षावाल्यांचा, नियम आहे, जुलै २०१८ पासून. काळं, घट्ट झालेलं, धूर लवकर धरणारं तेल फोडणीत गेलं तर चव पण जाते आणि घसा धरतो ते वेगळंच. वापरलेलं तेल बायोडिझेलवाले अधिकृत एजंट विकत घेतात, त्यांना द्या.

तेलात पैसे वाचवायचेच असतील तर डब्यावरचं बारीक वाचा. १५ किलोचा डबा वेगळा आणि १५ लिटरचा वेगळा. १५ लिटर म्हणजे साडेतेरा किलोच्या थोडं वर. दिसायला दोन्ही सारखेच, दुकानदार "डबा एवढ्याला" म्हणून भाव सांगतो आणि आपण ५० रुपये स्वस्त म्हणून सव्वा किलो तेल कमी घेऊन येतो. भाव नेहमी किलोवर आणून बघा, मग ब्रँड कुठलाही असो.

रस्सा_अनलिमिटेड
आत्ताच स्टोअरमध्ये जाऊन बघून आलो, लिटरवालेच आहेत सगळे 🤦

बरं रस्स्याचं सांगा कोणीतरी. अनलिमिटेड आहे, बंद करायचं मनात पण नाही, त्याच्यावरच नाव आहे. पण पांढरा रस्सा रोज रात्री ४-५ लिटर ओतून द्यावा लागतो, काजू खसखस नारळ सगळं मोरीत. तांबडा एवढा उरत नाही.

वस्ताद_जुना
पांढरा सकाळी एकदाच सगळा बनवून ठेवत असणार. तिथंच गडबड. नारळाचं दूध पडलं की त्याला परत परत उकळी देता येत नाही, फुटतोय, पाणी वेगळं चोथा वेगळा. म्हणून मग रात्री फेकायची पाळी येते.

अळणी सकाळी करून ठेवा, ती गरम राहिली तर काही बिघडत नाही. काजू-तीळ-खसखशीचं वाटण वेगळं फ्रीजमध्ये. नारळाचं दूध दुपारचं दुपारी, रात्रीचं रात्री. आणि टोप मोठा लावूच नका, ५ लिटरच्या पातेल्यात करायचा, अर्ध्यावर आला की दुसरं पातेलं चढवायचं, दूध घालून मंद आचेवर हलवत राहिलं की पंधरा मिनिटाचं काम हाय. साडेदहानंतर नवीन पातेलं लावायचं का नाही हे आचाऱ्यानं नाही, गल्ल्यावरच्यानं बाहेरची टेबलं बघून सांगायचं. उरली तर नुसती अळणी उरते, ती लगेच गार करून फ्रीजला, दुसऱ्या दिवशी तांबड्यात जाते.

टेबलावर रश्श्याची बादली ठेवता का? ठेवत असाल तर काढा. वाटी १२० एमएलची आणि पोरगा सारखा फिरता पाहिजे, वाटी संपायच्या आधी विचारायला. माणूस तेवढाच पितो, उलट खूश होतो, पण ताटात टाकून जात नाही. कुणी चौथी वाटी मागितली तर तोंड वाकडं करायचं नाही, त्या माणसाच्या जिवावर दहा जण येतात.

वैशाली_ताई_मेस
आणि आठवडा बघून माल मागवा. सोमवार गुरुवार शनिवार तुम्हीच म्हणालात, पण संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र हे पण कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आखाडात दुप्पट मागवता तसं श्रावण लागायच्या आठ दिवस आधीपासून डीप फ्रीझर रिकामा करत आणायचा. पगार आणि भाडं श्रावणात पण तेवढंच असतं, म्हणून आखाडातला पैसा त्याच महिन्यात संपवू नका. व्हेज थाळी नावालाच आहे म्हणता ना, श्रावणासाठी ती आत्तापासून नीट करा, अख्खा मसूर, भरलं वांगं, झुणका. महिनाभर हॉटेल ओढून नेईल.

किराणा उधारीवर का रोख? उधारीवाल्याला भाव विचारायला आपली जीभ रेटत नाही, तो किलोमागे चार-पाच रुपये सहज लावतो. मसाल्याचा, तेलाचा भाव महिन्यातून एकदा मार्केट यार्डात जाऊन स्वतः बघून या, घेतलं नाहीत तरी.

रस्सा_अनलिमिटेड
उधारी आहे, ३० दिवसाची. आता ते ३५ हजार खोबऱ्यात घातले नसते तर रोख झाली असती हे कळतंय मला, बायको बोलायच्या आधी मीच लिहितो 😅

ऑनलाइनचं ठेवावं का बंद करावं? ५० हजार कमिशन बघून पोटात गोळा येतो.

हिशोबनीस
थाळी ऑनलाइनला ठेवू नका, बाकी ठेवा. ३६० च्या थाळीचे ९० रुपये ते कापणार, सहा डबे लागणार त्याचे २५-३०, माल १५०. राहिले ९०-९५, आणि तोच माणूस टेबलावर आला असता तर २१०. शिवाय अनलिमिटेड रस्सा डब्यात देता येत नाही मग लोक एक स्टार देतात. त्याऐवजी सुक्का-भाकरी, बिर्याणी, अर्धा लिटर रस्सा असं दोन डब्यात बसणारं ठेवा आणि भाव कमिशन धरून लावा. कापलेल्या कमिशनचं स्टेटमेंट दर आठवड्याला डाउनलोड करून बघत जा, त्यात जाहिरातीचे, डिस्काउंटमधल्या तुमच्या हिश्श्याचे पैसे वेगळे कापलेले असतात, ते आपण चालू केलेलं आठवत पण नाही.

मे महिन्यात ३१ तारखेला रात्री शटर ओढल्यावर माल मोजा, १ तारखेला सकाळी नको, सकाळी माल येतो आणि गोंधळ होतो. मटण, चिकन, तेल, खोबरं, काजू, तांदूळ एवढं काट्यावर करा, हळद-जिऱ्याचा अंदाज चालेल. आकडे इथेच टाका.

रस्सा_अनलिमिटेड
टाकतो. आचाऱ्याला ताईंनी सांगितलं तसंच सांगितलं, मटणवाल्यासाठी काटा आणलाय म्हणून. त्याने सकाळी मटण चाळणीत निथळवून स्वतः वजन केलं, १४ च्या जागी १३ किलो ४०० भरलं. मटणवाल्याला फोन पण त्यानेच लावला, आणि जे काही बोलला ते इथे लिहिता येणार नाही.